अद्येरीच्या घड्याळातली त्रेचाळीस मिनिटं

न्याकाइसिकी अंगणात शिरली तेव्हा बेर्ना काबागेन्यी हिरवी केळी सोलत बसली होती. रविवारची सकाळ. चर्चमधून परतणारी माणसं घोळक्याघोळक्याने टेकडी चढत होती, आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी माना वळवून पाहिलं, की ही बाई शिरतेय कुणाच्या घरात? पाहणारच. तिच्या नवऱ्याची मोटरसायकल गुरुवारी संध्याकाळी लोकांनी खालच्या नाक्यावर पेटवून दिली होती. नवरा कोठडीत होता. आणि त्याने उडवलं असं ज्या पोरीबद्दल सगळं फोर्ट पोर्टल गाव म्हणत होतं, ती पोर बेर्नाच्या सख्ख्या बहिणीची.

"अद्येरी, आत येऊ का?"

तोरो मुलखात माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे उर्मटपणा. प्रत्येकाला मायेचं एक नाव असतं, आणि भांडणातसुद्धा तेच घ्यावं लागतं. बेर्ना ती अद्येरी, आणि दारातली ही अचाली.

"तिथूनच बोल, अचाली." बेर्नाने सुरी खाली ठेवली नाही.

"दयामाया मागायला नाही आले. एकच विचारायचंय. बांबालेच्या औषधाच्या दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्यात माझा नवरा दिसला. वेळ एक वाजून अकरा मिनिटं. ती वेळ बरोबर आहे असं तुम्ही पोलिसांना लिहून दिलंत. खरं ना?"

"खरं. त्या कॅमेऱ्याला वेळ माझ्या घरून जाते. आणि माझी वेळ उपग्रहांवरून येते."

"मग मला एवढं सांगा. आमचा माणूस मक्याचं लहानसं पोतं घेऊन इथल्याच गिरणीवर गेला होता. गिरणी चालू व्हायची होती तर वीज गेली. तो बसून राहिला. वीज आली, मका दळला, तेव्हा कुठे तो निघाला. चित्रात त्याच्या मागे पोतं आहे आणि पोत्यावर पीठ सांडलंय. एक वाजून अकरा मिनिटांनी वीज नव्हती, अद्येरी. सगळ्या टेकडीवर नव्हती. मग ते पीठ दळलं कुणी? मी? पाट्यावर?"

बेर्नाने तिला उत्तर दिलं. तिच्याकडे उत्तर नेहमीच असायचं. "बांबालेकडे इन्व्हर्टर आहे. माझ्याकडे बॅटरी आहे. वीज कंपनीच्या भरवशावर आम्ही घड्याळं चालवत नाही."

"मी घड्याळाचं नाही विचारलं," न्याकाइसिकी म्हणाली. "मी पिठाचं विचारलं."

ती गेली. बेर्ना पुन्हा केळी सोलायला बसली, पण साल कुठे संपते आणि गर कुठे सुरू होतो हे तिच्या हाताला कळेना.

एकोणिसाव्या वर्षी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली होती. समोर भोकांची फळी, हातात दोऱ्या, कानाला यंत्र. शेतमळ्याच्या मालकापासून बिशपपर्यंत सगळ्यांची बोलणी तिच्या बोटांतून जायची. त्या काळी लोक वेळ विचारायलाही फोन करायचे. राजधानीहून, कंपालाहून, रोज सकाळी वेळेचे ठोके यायचे, त्यावर भिंतीवरचं मोठं घड्याळ लावायचं, आणि मग दिवसभर कुणीही विचारलं तरी सांगायचं. चहाच्या कारखान्याचा भोंगा तिच्या शब्दावर वाजायचा. पुढे एक्स्चेंज बंद झालं. नवरा ट्रक चालवायचा, तो काटुनाच्या रस्त्यावर अपघातात गेला. मूल झालं नव्हतं. बेर्ना शिक्षकांच्या कॉलेजात संगणकांच्या खोलीत लागली. आधी पुसायला, मग चालू-बंद करायला, आणि शेवटची बारा वर्षं दुरुस्तीला. तिला कुणी शिकवलं नाही. तिने उघडून पाहिलं, बिघडवलं, पुन्हा जुळवलं.

तिथेच एका देणगीच्या खोक्यात तिला तो तळहाताएवढा संगणक मिळाला. पडदा नाही, पेटी नाही, नुसती हिरवी पाटी आणि तिच्यावर चार किडे बसल्यासारखे भाग. निवृत्त होताना तिने तो मागून घेतला. कारण साधं होतं. वीज गेली आणि आली की घरातली यंत्रं वेळ विसरून जागी व्हायची. कुणाला वाटायचं सात वर्षांपूर्वीचा मार्च चाललाय, कुणाला काहीच वाटायचं नाही. तारीख चुकली की बँकेचं पान उघडत नाही, पत्र जात नाही. इंटरनेटवरून वेळ मागवावी तर इंटरनेटच दिवसदिवस नाही. मग बेर्नाने कंपालाहून काडेपेटीएवढा एक भाग मागवला, उपग्रहांचा सिग्नल पकडणारा. चष्म्यावर चष्मा लावून तो पाटीला सोल्डर केला. अँटेना मार्गरिनच्या रिकाम्या डब्यात बसवून पत्र्यावर ठेवली. घरातली सगळी यंत्रं त्या पाटीला वेळ विचारू लागली. पुढे तिच्या अंगणातल्या खांबावरून समोरच्या बांबालेला इंटरनेट गेलं, वरच्या मुलींच्या शाळेला गेलं, आणि त्यांच्यामागून वेळही गेली. "ही देवाची वेळ की अद्येरीची?" अशी नाक्यावर थट्टा चालायची. ही थट्टा तिला आवडायची.

न आवडणारी थट्टा एकाचीच. टिंकासिमिरे, मायेचं नाव अराली, न्याकाइसिकीचा नवरा, नाक्यावरचा भाड्याचा मोटरसायकलवाला. लाल जाकीट घालून गाडीवर आडवा पडलेला असायचा आणि ती दिसली की ओरडायचा, "अद्येरी, पत्र्यावर मार्गरिन कशाला ठेवलंय? आभाळाच्या चपातीला लावता की काय?" सगळा नाका हसायचा. एक्स्चेंजमधल्या बाईला चारचौघांत हसतात म्हणजे काय!

आणि मग तो गुरुवार. जेवून शाळेत परत निघालेली बेर्नाची भाची कासेमिरे शाळेखालच्या वळणावर पडलेली सापडली. मांडीचं हाड मोडलेलं, डोक्याला मार, शुद्ध नाही. शिक्षिकेने दवाखान्यात फोन केला तो एक वाजून सतरा मिनिटांनी. केळी विकणाऱ्या म्हातारीने लाल जाकीट पाहिलं होतं, बाकी काही नाही. पोलिसांनी बांबालेच्या कॅमेऱ्यातलं चित्र पाहिलं: एक वाजून अकरा मिनिटं, लाल जाकीट, वळणाच्या दिशेने. संध्याकाळपर्यंत मोटरसायकलची राख झाली होती. तिच्याबरोबर अरालीही जळायचा, पण पोलिसांची गाडी वेळेवर पोचली.

शुक्रवारी इन्स्पेक्टर ओलाल दवाखान्याच्या व्हरांड्यात बेर्नाला भेटला होता. उत्तरेकडचा माणूस, उंच, कमी बोलणारा. त्याने विचारलं, "कॅमेऱ्याची वेळ खात्रीची आहे?"

आत तिची भाची पांढऱ्या पट्ट्यांमध्ये पडली होती. बेर्ना छाती पुढे काढून म्हणाली होती, "साहेब, ही वेळ माणसाने लावलेली नाही. ती वरून येते. ती चुकत नाही." आणि त्याखाली तिने सही केली होती.

केळी तशीच टाकून बेर्ना उठली. कोपऱ्यातल्या कपाटावर ती हिरवी पाटी लुकलुकत होती. बेर्नाने लॅपटॉप उघडला आणि पाटीची नोंद वाचायला घेतली. गुरुवारपासून ती दवाखान्यातच होती, नोंद पाहिलीच नव्हती. काही अडचण नसली की कोण पाहतं?

नोंद मंगळवारपासूनच बिघडलेली होती. मंगळवार सकाळ: उपग्रह शून्य. बुधवार: उपग्रह शून्य. गुरुवार: पाटी बंद पडून पुन्हा सुरू. आणि मग गुरुवारच्याच संध्याकाळी एक ओळ: उपग्रह नऊ, घड्याळ दोन हजार पाचशे ऐंशी सेकंदांनी पुढे सरकवलं.

तिने कागदावर भागाकार केला. तिला तो तोंडी येत होता, तरी कागदावर केला. त्रेचाळीस मिनिटं.

तिने काटोला फोन लावला. मंगळवारपासून तो तिचा पत्रा बदलत होता. "काटो, माझा डबा तू हलवला होतास?"

"डबा ना? मंगळवारी आत माळ्यावर ठेवला की, खिळे ठोकताना खाली पडला असता. सांगितलं नाही का मी? गुरुवारी पाच वाजता काम संपलं तेव्हा परत जागेवर ठेवला, अगदी पुसून. का हो, अद्येरी, गंजला की काय?"

"नाही," ती म्हणाली. "गंजला नाही."

पत्र्याखाली अँटेनाला आभाळ दिसत नाही. पण पाटी चालू होती तोवर ती आपल्या अंदाजाने वेळ मोजत राहिली, आणि अंदाज चांगला होता. मग वीज गेली. बॅटरी असती तर काही झालं नसतं. पण बॅटरी बुधवारी शेजारच्या मयताला गेली होती, कर्ण्यासाठी. बेर्नाने स्वतः सोडवून दिली होती, कारण मयताला नाही म्हणत नाहीत. पाटी मेली, आणि वीज आल्यावर उठली. तिच्या पोटात घड्याळाची बॅटरी नसते. दर मिनिटाला वेळ लिहून ठेवायची सवय बेर्नानेच तिला लावली होती, म्हणून उठल्यावर तिने शेवटचा लिहिलेला आकडा वाचला, एक वाजून पाच, आणि तिथून पुढे मोजायला लागली. खरे तेव्हा एक अठ्ठेचाळीस झाले होते.

खरं तर अशा वेळी पाटीने गप्प बसायला हवं. उपग्रह दिसत नसेल तर कुणी वेळ विचारली तरी सांगायचं, मला माहीत नाही. ती मुळात तशीच घडवलेली असते. पण दोन वर्षांपूर्वी बेर्नाने ते बदललं होतं. शाळेतली बाई म्हणाली होती, "अद्येरी, तुमचं घड्याळ आज उत्तरच देत नाही." बेर्नाला ते लागलं. एक्स्चेंजमध्ये चौदा वर्षांत तिने कुणालाही माहीत नाही म्हटलं नव्हतं. त्या रात्री नाही, त्याच दुपारी तिने एक ओळ लिहिली: उपग्रह असो वा नसो, उत्तर द्यायचं.

ती रस्ता ओलांडून बांबालेकडे गेली. तो कोन्झो जमातीचा माणूस, डोंगरातला, व्यवहाराला चोख. "तुझा कॅमेरा इन्व्हर्टरवर आहे ना?"

"इन्व्हर्टर फक्त फ्रिजला. कॅमेरा लावला तर लसी काय मी काखेत धरून थंड ठेवू?"

"गुरुवार संध्याकाळचं चित्र लाव."

त्याने लावलं. रस्ता, शेळ्या, छत्री घेतलेली नन. चार एकतीस. पुढच्याच क्षणाला शेळ्या तिथेच, नन तिथेच, आणि वर आकडा पाच चौदा. बांबालेने ते पुन्हा लावलं. मग दुपारचं लावलं. एक वाजून पाच मिनिटांनी रस्त्यावर एक कुत्रं झोपलं होतं. पुढच्या क्षणाला कुत्रं नव्हतं, सावल्या सरकल्या होत्या, आणि आकडा तोच, एक पाच. मधली त्रेचाळीस मिनिटं कुठे दिसतच नव्हती. कॅमेरा त्या वेळी मेलेला होता. ज्याने पोरीला उडवलं तो त्या पोकळीतून निघून गेला होता, आणि अराली आला होता पोर दवाखान्यात पोचल्यानंतर, एक चोपन्नला, पाठीमागे पीठ घेऊन.

बांबालेने दुकानाचं अर्धं दार ओढून घेतलं. "हे कुणाला सांगितलंत?"

"आत्ता कळलं."

"मग अजूनही कळलं नाही असं समजा." तो हळू आवाजात बोलत होता. "उद्या नऊ वाजता त्याला कोर्टात नेतायत. ज्यांनी गाडी जाळली ती माणसं तिथे बाहेर बसलीयत. त्यांना जाऊन सांगणार, की तुम्ही भलत्याचीच जाळली? माझ्या काचा फुटतील, अद्येरी. तुमचा पत्रा फुटेल. आणि हे मोटरसायकलवाले सगळे एकाच माळेचे मणी. आज नाही उडवलं, उद्या उडवील."

"तो निर्दोष आहे, बांबाले."

"निर्दोष माणूस वकील करतो आणि सुटतो."

"पोतंभर मका दळायला तासभर बसतो तो माणूस. त्याला वकील कोण देणार?"

घरी येऊन ती पाटीसमोर बसली. नोंद पुसायला एक ओळ लिहावी लागते, आणि ती ओळ तिच्या बोटांना पाठ होती. बांबाले बोलणार नव्हता. काटोला काही समजलंच नव्हतं. न्याकाइसिकीचं कोण ऐकतं? तिला अरालीबद्दल वाईट वाटत नव्हतं, हे तिने स्वतःपाशी कबूल केलं. पण शुक्रवारी तिने ज्या तोऱ्यात सही केली होती, तो तोरा तिला आता उलटून येत होता, आंबलेल्या दुधासारखा.

ती आधी दवाखान्यात गेली. धाकट्या बहिणीला दुसऱ्याकडून कळायला नको होतं.

रोझेटी व्हरांड्यात बसली होती. मायेचं नाव अब्वोली. चार दिवसांत डोळे आत गेले होते. पण आज तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. "अद्येरी! डोळे उघडले तिने. पाणी मागितलं. मला ओळखलं!"

बेर्ना तिच्या शेजारी बसली. तिचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं, जितकं सोपं करता येईल तितकं सोपं करून. बोलता बोलता तिला जाणवलं की हातातला हात थंड होत चाललाय.

"म्हणजे तो नव्हता," रोझेटी म्हणाली.

"नव्हता."

"मग कोण होता?"

"माहीत नाही."

"तुला माहीत नाही." रोझेटीने हात काढून घेतला. "शुक्रवारी माहीत होतं. शुक्रवारी तू त्या पोलिसाला तोंड वर करून सांगत होतीस, मी आतून ऐकत होते. मला वाटलं, बरं झालं, निदान माणूस तरी सापडला. आता पोरीने विचारलं, आई मला कोणी मारलं, तर मी काय सांगू? त्रेचाळीस मिनिटांनी मारलं म्हणून?"

"अब्वोली, भलत्या माणसाला..."

"आत माझी मुलगी आहे! तू कुणाच्या बाजूची आहेस?" व्हरांड्यातली माणसं बघायला लागली. रोझेटीने आवाज खाली आणला, तो जास्तच झोंबला. "तुला पोर नाही म्हणून तुला हे जमतं. जा. तुझ्या घड्याळाकडे जा."

बेर्ना गेली. रडली नाही. दवाखान्यापासून पोलीस ठाण्यापर्यंतचा चढ ती नेहमी दोनदा थांबून चढायची. त्या दिवशी एकदाही थांबली नाही.

इन्स्पेक्टर ओलाल टेबलावर शेंगदाणे सोलत होता. तिचं ऐकताना त्याने सोलणं थांबवलं. ऐकून झाल्यावर म्हणाला, "बाई, परवा तुम्ही म्हणालात ती वेळ चुकत नाही."

"म्हणाले."

"आज म्हणता चुकली."

"आज म्हणते मी चुकले. घड्याळाला मीच खोटं बोलायला शिकवलं होतं."

त्याने कागदपत्रं ओढून एक जबानी काढली. "गिरणीवाला म्हणतो, हा माणूस आठ वाजता गेला. मी म्हटलं, आठ वाजता कुठलं काय? मी ती बाजूला ठेवली."

"साहेब, आमच्याकडे सूर्य उगवल्यापासून तास मोजतात. आठवा तास म्हणजे तुमच्या घड्याळाचे दोन."

"ते मलाही माहीत आहे, एवढी वर्षं दक्षिणेत काढली. पण त्याने तुमचे आठ सांगितले की घड्याळाचे, हे लिहिणाऱ्याने विचारलंच नाही." ओलालने कपाळ चोळलं. "तुमची नोंद म्हणजे संगणकावरच्या ओळी. त्या तुम्ही आजही लिहिल्या असतील. उद्या कोर्ट मला हेच विचारेल. मला डोळ्यांनी दाखवा."

चारच्या सुमारास पोलिसांची गाडी बेर्नाच्या दारात उभी राहिली, आणि पाच मिनिटांत फाटकावर तीसएक माणसं जमली. नाक्यावरची सगळी. गाडी पेटवताना ज्याने काडी ओढली असं म्हणत, तो खाटीकही. तो फाटकाला टेकून उभा राहिला आणि त्याने हाताची घडी घातली. न्याकाइसिकी सगळ्यांपासून दूर, रस्त्याच्या पलीकडे उभी होती.

बेर्नाने काटोला शिडीवर चढवलं आणि डबा मंगळवारी होता तिथेच ठेवायला सांगितला, माळ्यावर, पत्र्याखाली. मग ओलालच्या हाताने पाटीची वायर काढायला लावली. दिवा विझला. समोर बांबालेने पोलिसांच्या सांगण्यावरून कॅमेरा बंद केला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"किती वेळ?" ओलालने विचारलं.

"तुम्ही ठरवा. मला सांगू नका."

ओलाल मनगटावरच्या घड्याळाकडे बघत अंगणात उभा राहिला. माणसं बडबडत होती. कुणीतरी म्हणालं, "म्हातारीने पैसे खाल्ले." दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. बेर्नाच्या मनात एकच भीती होती. पाटी उठली आणि माळ्यावर असूनही एखादा उपग्रह सापडला तर? नव्या पत्र्याला कुठे फट असेल तर? मग पाटी खरी वेळ सांगेल, आणि खरी वेळ सांगितली की बेर्ना खोटी ठरेल. आयुष्यात पहिल्यांदा ती आपलं घड्याळ चुकावं म्हणून प्रार्थना करत होती.

"लावा," ओलाल म्हणाला.

वायर जोडली. दिवा लागला. बांबालेने कॅमेरा सुरू केला आणि सगळे रस्ता ओलांडून दुकानात घुसले, जितके मावले तितके. पडद्यावर आधी काळोख, मग रस्ता, मग कोपऱ्यात आकडे: चार वाजून बावीस.

ओलालने मनगट वर केलं. खाटकाला दिसेल असं. चार एकेचाळीस.

"एकोणीस मिनिटं मागे," ओलाल म्हणाला. "एकोणीस मिनिटंच मी थांबलो होतो." मग त्याने गुरुवारचं चित्र लावायला सांगितलं. झोपलेलं कुत्रं आणि नसलेलं कुत्रं. शेळ्या आणि नन. दोनदा पाहिलं. खाटीक पडद्याकडे बघत राहिला, आणि मग वाट काढून बाहेर गेला.

तेव्हा बेर्नाला दिसलं की दाराशी रोझेटी उभी आहे. कुणीतरी तिला दवाखान्यात जाऊन सांगितलं असणार. तिने सगळं पाहिलं होतं.

"मग कोण होता?" बाहेरून कुणीतरी ओरडलं. "अद्येरी, मग कोण होता?"

एक दगड बेर्नाच्या नव्या पत्र्यावर धाडकन आपटला आणि घरंगळत खाली आला. पोलिसांनी काठ्या उगारल्या. दुसरा दगड आला नाही. बेर्नाने वळून पाहिलं तोवर रोझेटी निघून गेली होती.

सोमवारी वीज कंपनीच्या नोंदीतही तेच निघालं, एक पाच ते एक अठ्ठेचाळीस. अराली दुपारी सुटला. बेर्नाची दुसरी जबानी पहिलीवर टाचली गेली. ओलालने तिला नुसतं एवढंच म्हटलं, "पुढच्या वेळी खात्री देताना आधी पत्र्यावर चढून या." त्याच दिवशी तिने ती दोन वर्षांपूर्वीची ओळ खोडली. महिन्याभरात दोनदा शाळेतून तक्रार आली, की घड्याळ उत्तर देत नाही. "नसेल माहीत त्याला," बेर्ना म्हणाली.

ती अरालीच्या घरी गेली होती. तो उंबऱ्यावर बसला होता, लाल जाकीट नव्हतं. माफी मागितली तर तो म्हणाला, "तुमच्यामुळे सुटलो हे खरं. तुमच्यामुळेच अडकलो हेही खरं. माझी गाडी कोण परत आणणार?" न्याकाइसिकीने तिला बसायला पाट दिला नाही, पण हाकललंही नाही. पुढे त्याच्या सोबत्यांनी कुठूनशी एक जुनी गाडी त्याला चालवायला मिळवून दिली. तो आजही बेर्नाच्या घरावरून जातो. थट्टा करत नाही. मान हलवतो, कधी तेवढंही नाही.

ज्याने पोरीला उडवलं तो सापडला नाही.

रोझेटी पाच महिने बहिणीशी बोलली नाही. कासेमिरे आधी कुबड्यांवर चालली, मग काठीवर. चर्चमध्ये दोघी बहिणी वेगवेगळ्या बाजूंना बसायच्या आणि मधल्या रांगांतल्या बायका दोघींकडे आळीपाळीने बघायच्या. बेर्नाने निरोप धाडले नाहीत. दर शनिवारी बाजरीच्या पिठाची पिशवी बहिणीच्या दाराला अडकवून यायची. दर शनिवारी ती आत घेतलेली असायची.

सप्टेंबरात एका दुपारी रोझेटी स्वतः आली. आत आली नाही, अंगणातच उभी राहिली. "कंपालाला बोलावलंय. पायातली सळई काढायचीय. परवा सकाळच्या बसने."

"बरं."

"मला त्या मोठ्या दवाखान्यातलं काही कळत नाही. कागद कुठे द्यायचे, कुणाला विचारायचं." ती थांबली. "ती म्हणते अद्येरी मावशी आली तर येईन."

"ती म्हणते?"

"ती म्हणते," रोझेटी म्हणाली आणि पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "मीही म्हणते. फार बोलू नकोस मात्र. प्रवासात मला मळमळतं."

बेर्ना आत गेली आणि प्रवासाची पिशवी शोधायला लागली.